बागेतली उमेदवारी

उद्यानविद्या शिकवत असताना एक प्रश्न मला दरवर्षी हमखास ऐकू यायचा. पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलांच्या हाती खुरपी आणि झारी दिली, की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारायचं, "सर, हे तर माळ्याचं काम. आम्ही पदवीला आलोय ना?" मी त्यावर चिडत नसे. शिकणारा बसतो आणि न शिकलेला राबतो, अशी वाटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. त्यात त्या पोराचा काय दोष? उत्तरादाखल मी एका जर्मन माळ्याची गोष्ट सांगायचो. तीच आज तुम्हाला सांगतो.

गुस्टाव्ह हेरमान क्रुम्बिगेल यांचा जन्म १८६५ सालचा, ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावचा. बागकामाचं शिक्षण त्यांनी पिल्निट्झला घेतलं. पिल्निट्झ म्हणजे सॅक्सनीच्या राजघराण्याचा एल्बे नदीकाठचा उन्हाळी महाल. तिथे १८०१ साली जमिनीत लावलेलं कॅमेलियाचं एक झाड आजही फुलतं. हे झाड मूळचं पूर्व आशियातलं. जर्मनीतला हिवाळा त्याला सोसायचा नाही, म्हणून त्या काळी दर हिवाळ्यात त्याच्याभोवती लाकडी घर उभारत आणि वसंतात ते उतरवून ठेवत. अशा बागेत शिकणाऱ्याला पहिला धडा न सांगता मिळतो. परमुलखातलं झाड जगवायचं, तर त्याच्या माहेरची हवा ठाऊक हवी.

पुढे श्वेरिन आणि हॅम्बुर्ग इथे काम करून १८८८ साली क्रुम्बिगेल इंग्लंडला गेले. वय होतं २२. लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांच्याकडे फुलांच्या ताटव्यांचं काम आलं. त्या काळात इंग्लंडमध्ये गालिच्यासारख्या ताटव्यांची मोठी हौस होती. पाहणाऱ्याला फुलं दिसतात, माळ्याला दिसतं ते वेळापत्रक. ताटवा जूनमध्ये भरून यायला हवा असेल, तर बी काचघरात किती आठवडे आधी पेरायचं, रोप लहान कुंडीतून मोठ्या कुंडीत कधी हलवायचं, थंडीची सवय व्हावी म्हणून बाहेर कधी काढायचं, हा सगळा हिशेब फुलाच्या दिवसापासून उलटा मोजत यावं लागतं. एका जातीचा बहर ओसरायच्या आत दुसरी तयार हवी. लग्नघरात जशी पंगतीमागून पंगत उठते आणि पान रिकामं राहत नाही, तसंच हे. हा उलटा हिशेब लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला बंगळूरच्या रस्त्यावर भेटणार आहे.

हाइड पार्कनंतर ते क्यूला लागले. थेम्सच्या काठावरची ही बाग आधी राजघराण्याची होती. १८४० साली ती सरकारकडे आली आणि पुढच्याच वर्षी विल्यम हूकर तिचे संचालक झाले. १८४८ साली पुरं झालेलं तिथलं लोखंड आणि काचेचं ताडगृह आजही जगभरचे लोक पाहायला जातात. मात्र क्यूचं खरं वैभव मला त्या काचांपेक्षा तिथल्या उमेदवारांत दिसतं. उमेदवार हा जुना शब्द मी मुद्दाम वापरतो. निवडणुकीतला नव्हे, तर छापखान्यात, सुताराकडे, वकिलाकडे हाताखाली राहून धंदा शिकणारा.

क्यूमध्ये तरुण माळी घेत ते साधारण दोन वर्षांसाठी. त्याआधी दुसऱ्या बागांत काही वर्षं काम केलेलं असावं लागे. दिवसभर काचघरात किंवा वाफ्यांवर काम, संध्याकाळी वनस्पतिशास्त्राची व्याख्यानं. एका विभागातून दुसऱ्या विभागात बदली होई. आज नेच्यांकडे, उद्या ऑर्किडकडे, परवा रोपवाटिकेत. हजारो झाडांची लॅटिन नावं पाठ करावी लागत, आणि तीही झाडासमोर उभं राहून. १८७१ सालापासून या तरुणांचं स्वतःचं एक मंडळ होतं. तिथे एकानं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. १८९३ साली क्यूच्या आजी-माजी माळ्यांचा संघ निघाला. देशोदेशी पांगलेले माळी त्याच्या नियतकालिकातून एकमेकांची खबर घेत.

या शिक्षणातली एक गोष्ट मला फार आवडते. जुन्या काचघरांत माळी हातात एक काठी बाळगत. काठीच्या टोकाला दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलेलं असे. मातीच्या कुंडीवर तिनं हलकेच टकटक करायची. कुंडी खणखणीत वाजली तर आतली माती सुकली आहे, पाणी द्या. बद्द आवाज आला तर ओल आहे, पुढे चला. शेकडो कुंड्यांची रांग माळी नुसत्या कानानं तपासत जाई. कुंभाराकडून माठ घेताना आपली आजी टिचकी मारून पाहायची, तीच ही विद्या. पुस्तकात ती एका वाक्यात मावते. कानात उतरायला दोन हिवाळे लागतात.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. क्यू ही काही धर्मशाळा नव्हती. साम्राज्याला माळी हवे होते, म्हणून माळी घडवले जात. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया क्यूला पोहोचवल्या. ऑर्किडची काचघरं घाईघाईनं रिकामी करून त्या पेरल्या गेल्या. उगवल्या जेमतेम २७००. त्यातली बहुतेक रोपं काचेच्या बंद पेट्यांत घालून, सोबत माळी देऊन सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला रवाना झाली. दुसऱ्या वर्षी काही सिंगापूरला गेली. पुढे आशियातल्या रबराच्या मळ्यांनी ब्राझीलचा व्यापार बसवला. आपल्याकडे उटीची बाग १८४८ पासून आखली ती विल्यम मॅकआयव्हर यांनी. तेही क्यूमध्ये तयार झालेले, आणि पुढे निलगिरीवर सिंकोनाची लागवड झाली ती त्यांच्याच देखरेखीखाली. या सगळ्या बागांतून खड्डे खणणारे, पाणी वाहणारे, कलमं बांधणारे हात आपल्या माणसांचे होते. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

क्यूचं दार इंग्लंडमधल्याही सगळ्यांना उघडं नव्हतं. १८९६ च्या जानेवारीपर्यंत तिथे एकही स्त्री माळी नव्हती. त्या महिन्यात केंटमधल्या स्वॉन्ली इथल्या उद्यानविद्या महाविद्यालयातून ॲनी गल्विन आणि ॲलिस हचिन्स या दोघी दाखल झाल्या. पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांना जवळजवळ पुरुषी पोशाख ठरवून दिला होता: गुडघ्याखाली आवळलेली तपकिरी विजार, जाड लोकरी मोजे, जाकीट आणि टोपी. परिणाम उलटाच झाला. वर्तमानपत्रांनी या विजारीची टर उडवली आणि लंडनकर बागेतली फुलं सोडून माळणी पाहायला लोटले. दोघी मात्र झारी घेऊन काम करत राहिल्या. पुढे पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा क्यूला पुन्हा स्त्रियांनाच बोलवावं लागलं. झारीच्या पाण्याला ती धरणारा हात कुणाचा, हे कळत नाही. माणसांना मात्र तेवढंच कळतं.

अशा या बागेतून १८९३ साली क्रुम्बिगेल आले ते थेट बडोद्याला, महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पदरी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेला हा राजा. परदेशी विद्येची किंमत त्यांनी नेमकी ओळखली होती. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेची आखणी त्यांनी विल्यम गोल्डरिंग यांच्याकडून करून घेतली. तेही क्यूमध्ये काम केलेले. परदेशातून जाणकार आणायचे आणि आपली मुलं परदेशी शिकायला पाठवायची, असा त्यांचा दुहेरी व्यवहार होता. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर.

बडोद्याला या जर्मन माळ्यापुढे लंडनचं गणित उलटं मांडलेलं होतं. लंडनमध्ये सारी धडपड झाडाला ऊन मिळावं म्हणून, इथे ते मेच्या उन्हापासून वाचावं म्हणून. तिथे पाऊस बारमाही, इथे चार महिन्यांचा. क्यूची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नव्हतं. पिल्निट्झचा तो पहिला धडा इथे कामाला आला असणार, असं मला नेहमी वाटतं. फरक एवढाच, की या खेपेला परमुलखातलं झाड ते स्वतः होते.

१९०८ साली म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना बंगळूरला नेलं. तिथलं लालबाग मूळचं हैदरअलीच्या काळचं, १७६० मधलं. १८७४ पासून ते जॉन कॅमेरॉन यांच्या हाती होतं. कॅमेरॉनही क्यूचेच. प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्य दिनाला जिथे फुलांची प्रदर्शनं भरतात, त्या काचघराची पायाभरणी १८८९ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाली. त्याचा नमुना म्हणजे १८५१ साली हाइड पार्कमध्ये उभा राहिलेला क्रिस्टल पॅलेस. तो कुणाच्या डोक्यातून आला? जोसेफ पॅक्स्टन यांच्या. ते इंजिनिअरिंग शिकलेले नव्हते. चिझिकच्या बागेत उमेदवारी केलेले माळी होते.

बंगळूरला क्रुम्बिगेल यांनी २४ वर्षं काम केलं. म्हैसूरजवळच्या वृंदावन उद्यानाच्या आखणीचं श्रेयही त्यांना दिलं जातं. पण त्यांच्या नावाशी सर्वांत घट्ट जोडलेली कल्पना आहे ती रस्त्याच्या झाडांची. एका रस्त्यावर असं झाड लावायचं, की ते एका ऋतूत फुलेल. शेजारच्या रस्त्यावरचं झाड दुसऱ्या ऋतूत. म्हणजे वर्षाच्या कुठल्याही महिन्यात शहरात कुठे ना कुठे बहर असेल. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली. आजही बंगळूरमध्ये नीलमोहराची जांभळी फुलं गळतात तोवर गुलमोहर पेटायला लागतो.

ओळख पटली का? हाइड पार्कच्या ताटव्यातला तोच उलटा हिशेब. तिथे तो आठवड्यांचा होता आणि कुंड्यांवर मांडलेला होता. इथे तो महिन्यांचा झाला आणि झाडांवर मांडला गेला. काचघर नको, दरवर्षीची पेरणी नको. परदेशात शिकणं याला म्हणतात. तिथलं फूल इथे आणून लावणं सोपं. तिथला हिशेब इथल्या उन्हापावसात पुन्हा मांडणं हे खरं काम, आणि ते ज्यानं स्वतः कुंड्या हलवल्या आहेत त्यालाच जमतं.

१९३२ साली क्रुम्बिगेल निवृत्त झाले आणि लालबागची सूत्रं एच. सी. जवराया यांच्याकडे आली. ते क्यूमध्ये शिकून आलेले होते. युरोपीय अधीक्षकांच्या रांगेनंतर त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. जवराया यांच्यानंतरच्या पिढीत एम. एच. मरिगौडा यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि उद्यानविद्या राजवाड्यांच्या बागांतून उचलून कर्नाटकातल्या शेतकऱ्याच्या बांधावर नेली. साम्राज्यासाठी माळी घडवणाऱ्या बागेची विद्या अशी फिरत फिरत कोरडवाहू शेतकऱ्याच्या फळबागेत पोहोचली. क्रुम्बिगेल मात्र परत गेले नाहीत. १९५६ साली, वयाच्या ९० व्या वर्षी, बंगळूरलाच त्यांचं निधन झालं.

गोष्ट संपली की मी त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पुढे बोलवायचो. रोपवाटिकेतल्या मातीच्या दोन कुंड्या त्याच्यापुढे ठेवायचो आणि विचारायचो, यातली कुठली तहानलेली आहे ते हात न घालता सांग. तो बिचारा आधी पानं बघायचा, मग माती बघायचा. मी हातातल्या काठीनं टकटक करायचो. एक कुंडी खण्ण वाजायची, दुसरी बद्द. क्षणभर सगळा वर्ग गप्प व्हायचा. मग काठी मागायला मुलांची झुंबड उडायची.

अलीकडे रोपवाटिकांत प्लास्टिकच्या कुंड्या आल्या आहेत. त्या वाजत नाहीत. त्या हलक्या आहेत, स्वस्त आहेत, फुटत नाहीत. माझी तक्रार नाही. त्यांचा ओलावा ओळखायचा तर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा लागतो, म्हणजे थोडं वाकावं लागतं. तेवढं वाकायची तयारी असली, की पुढचं सगळं ती कुंडीच शिकवते.