कोगिया देवमासे : खुजा आणि बुटका स्पर्म व्हेल

स्पर्म व्हेलशी नाते असलेले, पण आकाराने डॉल्फिनएवढे दोन दंतधारी देवमासे. कोगिइडी कुलातील या दोनच जाती आज हयात आहेत. खुजा स्पर्म व्हेल (कोगिया ब्रेव्हिसेप्स) साधारण ३.५ मी. लांब व ४०० किग्रॅ.च्या आसपास वजनाचा असतो. बुटका (कोगिया सिमा) सहसा २.७ मी. व २७० किग्रॅ.च्या पुढे जात नाही. दोघेही उष्ण व समशीतोष्ण महासागरांच्या खोल पाण्यात राहतात आणि मुख्यतः माकूळवर्गीय प्राणी खातात. ते पृष्ठभागावर थोडा वेळ निश्चल तरंगतात आणि शेपटी न उचलता बुडतात, त्यामुळे समुद्र अगदी शांत असल्याखेरीज नजरेस पडत नाहीत. त्यांच्याविषयीचे बहुतेक ज्ञान किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांवरून मिळाले आहे.

शरीररचना : डोके बोथट, खालचा जबडा अरुंद व मागे सरकलेला, आणि डोळ्यामागे कल्ल्याच्या फटीसारखी फिकट खूण; त्यामुळे पहिल्या नजरेत हा प्राणी मुशी वाटतो. कवटी विलक्षण असममित असते. मोठ्या स्पर्म व्हेलप्रमाणे डोक्यात मेणचट तेलाचा स्पर्मासेटी अवयव असतो. आतड्याच्या शेवटच्या भागातील पिशवीत तांबूस-तपकिरी द्रव साठतो. धोका जाणवताच तो पाण्यात सोडून प्राणी त्याच्या आडून निसटतो. दोन जाती ओळखण्यासाठी पाठीवरचा पर उपयोगी पडतो : बुटक्याचा पर पाठीच्या मध्याजवळ असून त्याची उंची शरीराच्या लांबीच्या ५ टक्क्यांहून अधिक भरते, खुज्याचा पर आखूड व अधिक मागे असतो. खालच्या जबड्यात बुटक्याला दातांच्या ७ ते १२, तर खुज्याला १० ते १६ जोड्या असतात.

संशोधनाचा इतिहास : खुज्या जातीचे वर्णन १८३८ मध्ये ब्लँव्हिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने केप ऑफ गुड होपच्या नमुन्यावरून केले. बुटक्या जातीचा मूळ नमुना मात्र भारतीय आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी वॉल्टर इलियट यांनी १८५३ मध्ये विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर येथे तो मिळवला आणि रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये त्यावरून नवी जाती नोंदवली. इलियट यांचा निसर्गाभ्यास त्याआधीच मराठी भाषकांच्या सरहद्दीवर रुजला होता. धारवाड भागात नोकरीस असताना गोळा केलेल्या माहितीवरून त्यांनी दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची सूची तयार केली. ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे शतकभर अनेक अभ्यासक दोन्ही जाती एकच मानत. चार्ल्स हँडली यांनी १९६६ मध्ये कवट्या, दात व मापे तपासून त्या वेगळ्या असल्याचे दाखवले. म्हणून त्याआधीच्या नोंदी वाचताना जातीचे नाव पुन्हा तपासावे लागते. २००५ मध्ये सुझन चिव्हर्स व सहकाऱ्यांनी केलेल्या जनुकीय अभ्यासात अटलांटिकमधील आणि हिंदी-प्रशांत महासागरांतील बुटके स्पर्म व्हेल दोन स्वतंत्र जाती असू शकतात, असे प्राथमिक पुरावे मिळाले. तसे सिद्ध झाले, तर विशाखापट्टणमचा नमुना ज्या गटाचा, त्याच गटाकडे ‘सिमा’ हे नाव राहील.

ध्वनीवरील संशोधन : हे देवमासे सुमारे १२० ते १३० किलोहर्ट्‌झच्या अरुंद पट्ट्यात टिकटिक ध्वनी काढून भक्ष्य शोधतात. माणसाची श्रवणमर्यादा २० किलोहर्ट्‌झच्या आसपास संपते. किलर व्हेललाही एवढ्या उंच पट्टीचे ध्वनी नीट ऐकू येत नाहीत. शिकाऱ्यापासून लपण्यासाठीच ही पट्टी विकसित झाली असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात. असे ध्वनी पाण्यात लवकर विरतात, म्हणून ध्वनिग्राहक प्राण्याच्या बराच जवळ असावा लागतो. हवाई बेटांजवळ रॉबिन बेअर्ड व सहकाऱ्यांनी परावरील खुणांच्या छायाचित्रांवरून बुटक्या स्पर्म व्हेलची वैयक्तिक ओळखही पटवली आहे.

मृत व आजारी प्राण्यांवरील संशोधन : अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर बाटलीनाक डॉल्फिनच्या खालोखाल खुजा स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागतो. तेथील अनेक प्राण्यांत हृदयस्नायूंचा विकार आढळला. १९९३ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका पिलाच्या पोटातून प्लॅस्टिक काढण्यात आले. उपचारांनंतर १९९४ मध्ये त्याला समुद्रात सोडले.

कोकण किनारा आणि संरक्षण : मुंबई-रायगडसमोर सागरमग्न खंडभूमी दोनशे किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. कोगिया राहतात तो खोल उतार त्यापलीकडे आहे. पेण तालुक्याला लागून असलेली धरमतरची खाडी तर उथळ आणि गढूळ. येथे या प्राण्याची गाठ पडलीच, तर ती वाहत आलेल्या देहाच्या रूपानेच पडण्याची शक्यता अधिक. मोठे देवमासे किनाऱ्याला लागले की लक्षात येतात : जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा लागला आणि तेथेच मेला. लहान कोगिया मात्र डॉल्फिन समजून नोंदीविना पुरला जाऊ शकतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व देवमाशांना संरक्षण आहे. राज्यात २०१२ पासून वनविभागाचा कांदळवन कक्ष कार्यरत आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे वा चित्रफीत द्यावी लागते. कोळी बांधवांची ही छायाचित्रे शास्त्रालाही मोलाची आहेत. देह सापडल्यास तो पुरण्याआधी एकूण लांबी, पराची उंची व जागा, दातांची संख्या, तारीख आणि ठिकाण नोंदवावे, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि वनविभागाला कळवावे, म्हणजे जनुकीय तपासणीसाठी ऊतीचा नमुना घेता येईल. वॉल्टेअरच्या एका प्राण्याची नीट नोंद झाली म्हणून एक जाती जगाला कळली. कोकणातल्या प्रत्येक देहालाही तेवढीच काळजी मिळायला हवी.