भूवेग मोटार, विद्यार्थ्यांनी घडवलेली

भूवेग मोटार : जमिनीवरून सरळ रेषेत शक्य तितक्या वेगाने धावावे, एवढ्याच हेतूने बांधलेले वाहन. वळणे घेणे, प्रवासी नेणे, इंधन वाचवणे यांपैकी कशाचीही तिच्याकडून अपेक्षा नसते. अशी मोटार महाविद्यालयाच्या कार्यशाळेत बांधून जागतिक विक्रमापर्यंत नेण्याचे काम अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे विद्यार्थीही गेली अनेक वर्षे स्वतःच्या हातांनी शर्यतीच्या गाड्या बांधत आहेत. मात्र त्यांचा ओढा राहिला तो खडबडीत रस्त्यावर टिकणाऱ्या ‘बाहा’ गाडीकडे आणि वळणदार मार्गावरच्या फॉर्म्युला गाडीकडे. नागपूरही याला अपवाद नाही. या नोंदीत नागपूर डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही प्रकारच्या कामांचा विचार केला आहे.

विक्रमाची रीत. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) नियमांनुसार मोटार आधी वेग घेते आणि मग मोजणीच्या पट्ट्यात शिरते. हा पट्टा एक किलोमीटरचा किंवा एक मैलाचा असतो. एका तासाच्या आत तोच पट्टा उलट दिशेनेही पार करावा लागतो आणि दोन्ही धावांची सरासरी ग्राह्य धरतात. त्यामुळे पाठीमागचा वारा किंवा जमिनीचा उतार यांचा फायदा उपटता येत नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या नियमाचा खरा कस दोन धावांमधल्या वेळेत लागतो. त्या तासाभरात गाडी थांबवायची, तपासायची, थंड करायची, बॅटरी किंवा इंधन भरायचे, तोंड फिरवायचे आणि पुन्हा सोडायची. एक नट सैल निघाला तरी तास हातचा जातो.

पहिला नोंदवलेला विक्रम १८ डिसेंबर १८९८ चा. फ्रान्समध्ये गास्तों द शास्लू-लोबा याने विजेच्या गाडीतून ताशी ६३ किमी वेग गाठला. दुसऱ्याच वर्षी कामीय जेनात्झीच्या विद्युत गाडीने ताशी शंभरचा टप्पा ओलांडला. १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेलने अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ३०० मैलांच्या पुढे मजल मारली. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीनने ‘थ्रस्ट एसएससी’ ही जेट मोटार नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी १,२२८ किमी वेगाने नेली. आवाजाचा वेग ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि तो विक्रम अजून कायम आहे.

वेगाचे गणित. ताकदवान इंजिन मिळाले की काम झाले, हा नवख्या संघाचा पहिला समज असतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठा विरोधक असतो हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती लागते. निमुळत्या आकाराची, वायुरोध गुणांक ०.२ आणि समोरचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असलेली गाडी घेतली, तर ताशी २०० किमी वेगाला केवळ हवेसाठी सुमारे २० किलोवॅट लागतात. ताशी ४०० किमी वेगाला तोच आकडा १६० किलोवॅटच्या घरात जातो.

या हिशेबातून एक फार आशादायक गोष्ट निघते. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या फॉर्म्युला गाड्यांच्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत विद्युत गाडीला ८० किलोवॅट शक्तीची मर्यादा आहे. म्हणजे जो संघ आज विजेची फॉर्म्युला गाडी बांधतो, त्याच्या हाती ताशी २०० किमी वेगाला पुरून उरेल एवढी मोटर, बॅटरी आणि नियंत्रक आधीच आहेत. तेच यंत्र उघड्या चाकांच्या, पंख लावलेल्या फॉर्म्युला सांगाड्यातून काढून अरुंद, बंद कवचात बसवले, तर कागदावर ताशी अडीचशेच्या पुढचा वेग दिसतो. अडचण शक्तीची नाही. आकार, टायर, ब्रेक आणि जागा यांची आहे.

टायरचे उदाहरण घ्या. ताशी ४०० किमी वेगाने ६० सेंमी व्यासाचे चाक फिरते, तेव्हा त्याच्या कडेवरचा दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा सुमारे ४२ किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढला जातो. म्हणूनच अतिवेगवान मोटारींना रबरी टायर न लावता ॲल्युमिनियमची भरीव चाके बसवतात. विद्यार्थ्यांच्या पहिल्या गाडीला इतके टोक गाठायची गरज नाही. बाजारातल्या टायरवर वेगमर्यादेचे अक्षर छापलेले असते : ‘एच’ म्हणजे ताशी २१० किमी, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘वाय’ म्हणजे ३००. ते अक्षर वाचून, त्याच्या बरेच खाली राहून गाडीचे लक्ष्य ठरवावे. हा नियम कोणत्याही संघाने मोडू नये.

नागपूरची हवा या गणितात उतरते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवेची घनता जानेवारीतल्या थंड सकाळच्या मानाने जवळपास दहा टक्क्यांनी घटते. विरळ हवा विजेच्या मोटारीला सोयीची असते, पण त्याच उन्हात बॅटरी, टायर आणि अग्निरोधक पोशाखातला चालक यांची परीक्षा होते. त्यामुळे भर उन्हाळ्यातल्या धावेचा मोह टाळलेलाच बरा.

ओहायोचे उदाहरण. विद्यार्थ्यांच्या भूवेग मोटारींत ओहायो स्टेटच्या ‘बकाय बुलेट’ मालिकेला तोड नाही. पहिल्या गाडीत हजारो छोटे निकेल-मेटल हायड्राइड सेल जोडलेले होते. २००४ मध्ये तिने बॉनव्हिलवर ताशी ३१४ मैलांचा, म्हणजे सुमारे ५०७ किमीचा, अमेरिकी विक्रम केला. दुसरी गाडी हायड्रोजन इंधन-सेलवर धावली आणि २००९ मध्ये ताशी ३०२ मैलांवर पोहोचली. तिच्याच सांगाड्यात लिथियम बॅटऱ्या बसवून २०१० मध्ये ताशी ३०७ मैलांचा विद्युत विक्रम झाला. तिसरी गाडी व्हेंच्युरी या मोनॅकोच्या कंपनीच्या साथीने बांधली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये तिने दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी ताशी ५४९ किमी नोंदवली.

या आकड्यांपेक्षा मोलाची आहे ती त्यामागची कामाची पद्धत. २००४ च्या गाडीवर काम करणारे विद्यार्थी २०१६ पर्यंत केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. तरी काम थांबले नाही, कारण रेखाचित्रे, चाचण्यांची मोजमापे आणि फसलेले प्रयोग एका तुकडीकडून दुसरीकडे सुपूर्द होत राहिले आणि विद्यापीठाचे मोटार संशोधन केंद्र पाठीशी उभे राहिले. आणखी एक गोष्ट : गाडी विद्यार्थ्यांनी बांधली, पण चालवली ती रॉजर श्रोअर या अनुभवी चाचणीचालकाने. निसर्गाचीही साथ लागते. २०१४ आणि २०१५ मध्ये बॉनव्हिलचे मैदान पावसाने खराब झाल्यामुळे तिथला वार्षिक वेगसप्ताह रद्द करावा लागला होता.

अगदी छोट्या अंतरावरचा वेगही विद्यार्थ्यांनी काबीज केला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिच आणि ल्युसर्न येथील विद्यार्थ्यांच्या सुमारे १४० किलो वजनाच्या ‘मिथेन’ या विद्युत गाडीने ०.९५६ सेकंदात, अवघ्या १२.३ मीटर अंतरात, शून्यापासून ताशी शंभरचा वेग घेतला. ती फॉर्म्युला स्टुडंटच्याच परंपरेतून आली आहे.

महाराष्ट्र आणि नागपूर. भारतात ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धा २००७ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झाली. फॉर्म्युला धर्तीची ‘सुप्रा’ २०११ पासून भरू लागली. ‘फॉर्म्युला भारत’ कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. मुंबईतून आयआयटीचा संघ आणि सोमय्या महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग’ हे परदेशी मैदानांवरही गेले. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ बाहासारख्या स्पर्धांत उतरत आले आहेत. या स्पर्धांत चार तासांची किंवा २२ किलोमीटरची टिकाव-शर्यत, खर्चाचा हिशेब आणि रचनेची तोंडी तपासणी यांना वजन असते. सरळ रेषेतली धाव फॉर्म्युलात फक्त ७५ मीटरची. म्हणून निव्वळ वेगाचे शास्त्र आपल्या मुलांच्या वाट्याला फारसे येत नाही. ही उणीव भरून काढण्यासारखी आहे, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

त्यासाठी लागणारे बहुतेक सामान नागपुरात आहे. १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था इथे आहे. हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि त्याच्या आसपास लेथ, मिलिंग, वेल्डिंगची कामे करणारे कसबी हातही आहेत. वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीला ॲल्युमिनियम मिश्रधातूंच्या कामाचा जुना अनुभव आहे. मिहान या नागपूरच्याच औद्योगिक क्षेत्रात बोइंग ७८७ विमानासाठी कार्बन फायबरच्या तुळया तयार झाल्या आहेत. चाके, सांगाडा, कवच या तिन्हींचे जाणकार एका शहरात राहतात. त्यांना एका टेबलाशी बसवणारा प्राध्यापक तेवढा हवा.

जागा. ताशी २०० किमीपर्यंत बेताने वेग घेणे, एक किलोमीटर मोजणी आणि मग सावकाश थांबणे, एवढ्याला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास सरळ पट्टी लागते. ताशी ४०० किमीसाठी सुमारे सहा किलोमीटर. शिवाय दोन्ही टोकांना सुरक्षेची मोकळी जागा वेगळी. नागपूर विमानतळाची धावपट्टी ३,२०० मीटर आहे, पण ती विमानांची. समृद्धी महामार्ग नागपुरापासूनच निघतो आणि कितीही सरळ, रुंद दिसला तरी तो सार्वजनिक रस्ता आहे. तिथे वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे आणि तो दुसऱ्यांच्या जिवावर बेततो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने सरळ रेषेतल्या शर्यती भरत आल्या आहेत. नागपूरकरांसाठी सर्वांत योग्य ठिकाण मात्र पिथमपूरचे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र. रस्त्याने ते सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेग मार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केले. बाहामुळे पिथमपूर हे नाव विद्यार्थ्यांना परकेही नाही.

सुरक्षा. पोलादी नळ्यांचा रोलकेज, पाच किंवा सहा बिंदूंचा पट्टा, हेल्मेट व मानेचा आधार, अग्निशामक यंत्रणा, बाहेरून वीज तोडणारा खटका आणि अतिवेगाला पॅराशूट : यातले काहीही ‘पुढच्या वर्षी बसवू’ म्हणून सोडता येत नाही. गुरुत्वमध्य वायुदाबाच्या केंद्राच्या पुढे असावा लागतो, नाही तर बाजूच्या वाऱ्याने गाडी आडवी फिरते.

शाळांसाठी. हाच विषय लहान प्रमाणात शाळेतही शिकवता येतो. ब्रिटनमध्ये ‘एफवन इन स्कूल्स’ या नावाने सुरू झालेल्या स्पर्धेत मुले कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर धावणारी छोटी गाडी घडवून २० मीटरच्या सरळ मार्गावर सोडतात. ही धाव साधारण सेकंदाभरात संपते. आकार, वजन आणि घर्षण यांचा संबंध मुलांना तेवढ्यात स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

नागपूरच्या महाविद्यालयांनी पहिल्याच वर्षी मोठ्या विक्रमाचे नाव घेऊ नये. एफआयएने विद्युत वाहनांचे वजनानुसार वर्ग पाडले आहेत. त्यांतला हलका वर्ग निवडावा, फॉर्म्युला गाडीचीच विद्युत यंत्रणा वापरावी, ताशी २०० किमीचे लक्ष्य ठेवावे आणि प्रत्येक तुकडीने आपली वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. वऱ्हाड-विदर्भातल्या उद्योजकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी अशा संघाला टायरचा एक संच आणि चाचणीमार्गाचे एका दिवसाचे भाडे दिले, तरी काम सुरू होईल.