मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिक्षण

मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिक्षण म्हणजे संगणकशास्त्र व प्रोग्रॅमिंग या विषयांचे मराठी माध्यमातील पदवी शिक्षण होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या वापरावर भर देण्यात आला. त्यानंतर २०२१ मध्ये आठ राज्यांतील १४ महाविद्यालयांत पाच भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. मराठीसाठी पुणे जिल्ह्यातील निगडी येथील पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाची निवड झाली.

अडचणी

प्रोग्रॅमिंग शिकताना नवशिक्या विद्यार्थ्यापुढे दोन वेगळ्या अडचणी असतात. पहिली संकल्पनेची. बीजगणितात 'क्ष = क्ष + १' या समीकरणाला उत्तर नसते; सी किंवा पायथॉनमध्ये मात्र अशा ओळीचा अर्थ 'क्षची किंमत एकने वाढवा' असा होतो. दुसरी अडचण भाषेची. 'इफ', 'व्हाइल', 'रिटर्न' यांसारखे राखीव शब्द, चुका दाखवणारे संदेश आणि बहुतेक संदर्भसाहित्य इंग्रजीत असते.

मर्यादा

मातृभाषेतील स्पष्टीकरणाने पहिली अडचण सुसह्य होऊ शकते. दुसरी पूर्णपणे दूर होत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात यावर मध्यममार्ग आढळतो: निवेदन मराठीत, तर पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत असतात.