नक्कल कोणाच्या हाती?



राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती नांदेड-लातूरच्या कोणत्याही कचेरीसमोर, एखाद्या अरुंद गाळ्यात आपणांस पाहावयास मिळते. सरकारी मराठीत तिला छायाप्रत काढण्याचे यंत्र म्हणतात. आपण सारे तिला झेरॉक्स म्हणतो. त्यात इतिहास तो काय, असे कोणी विचारील. परंतु ज्याच्या हाती कागद त्याचा शब्द खरा, हा व्यवहार जोवर चालू आहे, तोवर कागदाची नक्कल कोणाच्या हाती असते हा राज्यकारभाराचाच प्रश्न आहे. आणि मराठवाड्याला तो विशेष जाणवलेला आहे.

१९४८ पूर्वीचे दिवस आठवा. हैदराबाद संस्थानाची दरबारी भाषा आधी फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार, खटल्याचे कागद म्हणजे मिसल, आणि परिपत्रक म्हणजे गश्ती. गश्ती नंबर ५३ ने तर परवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास बंदी घातली होती. म्हणजे आजच्यासारख्या व्याख्यानालाही आधी कागद लागे. शेतकरी मराठी बोलणारा आणि बहुधा निरक्षर. त्याच्या शेताचा कागद कचेरीत उर्दूत, गावच्या जुन्या दप्तरात मोडीत. त्याची नक्कल हवी तर अर्ज द्यावा, फी भरावी, नकलनवीस हाताने उतरून काढील तोवर थांबावे, आणि ती मिळाल्यावर वाचून दाखविणारा शोधावा. आपल्याच कागदावर अशी दोन कुलपे होती : एक कचेरीचे आणि दुसरे लिपीचे.

नकला काढण्याची साधने जगात नव्हती असे नाही. जेम्स वॅटने १७८० मध्ये ओल्या शाईच्या पत्राची दाबून प्रत काढण्याची युक्ती शोधली. १८०६ मध्ये राल्फ वेजवूडने कार्बन कागदाचे पेटंट घेतले, आणि १८८१ च्या सुमारास लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनरने सायक्लोस्टाईल आणले. पण या साऱ्यांत एक उणीव होती. जो मजकूर आपण आता लिहितो त्याच्या अनेक प्रती त्यांतून निघत. आजोबांच्या वेळचा तयार कागद समोर ठेवून त्याची नक्कल काढता येत नसे. ते काम फोटोस्टॅट करी, पण त्याला कॅमेरा, रसायने, धुलाई असा सगळा खटाटोप लागे.

ही उणीव एका पेटंटच्या कामावरच्या माणसाने दूर केली. न्यूयॉर्कमधल्या चेस्टर कार्लसन याला कामासाठी पेटंटांच्या नकला सतत लागत. त्यात त्याला संधिवात होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत, ओटो कोर्नाय या मदतनिसासह, त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युत्भारित केला. त्यावर तारीख व स्थळ लिहिलेली काच ठेवून प्रकाश पाडला, बारीक भुकटी भुरभुरली, आणि मेणकागदावर अक्षरे उमटली. त्याच महिन्यात हैदराबादेत स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू होत होता. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नव्हता. पण दोहोंचे फळ पुढे मराठवाड्याला मिळावयाचे होते.

कार्लसनला अनेक मोठ्या कंपन्यांनी परत पाठविले. अखेर १९४४ मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने आणि नंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने त्याचे काम हाती घेतले. 'कोरडे' आणि 'लेखन' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याला नाव मिळाले. १९५९ मध्ये ९१४ हे यंत्र आले : वजन सुमारे तीनशे किलो, आणि मिनिटाला सात प्रती. कागद आत अडकून जळण्याचे भय असल्यामुळे त्याबरोबर आग विझविण्याचे साधनही दिले जाई! ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरला हे कोरडे लेखन मानवावे यात नवल नाही.

भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही कंपनी स्थापन झाली आणि उत्तर प्रदेशात रामपूर येथे तिचा कारखाना निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, उस्मानाबादमधून लातूर हा वेगळा जिल्हा झाला होता. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. नवी कचेरी आणि नवे महाविद्यालय म्हणजे अर्ज, दाखले आणि टिपणे. लातूर पॅटर्नचे श्रेय शिक्षकांना व विद्यार्थ्यांना द्यावे हे योग्यच; परंतु ती टिपणे हजारो हातांत पोचविणाऱ्या गाळ्यांचे नाव कोणी घेत नाही.

त्याहूनही अनामिक राहिला तो यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक. यंत्राचे रहस्य त्याच्या ड्रममध्ये आहे. अंधारात ड्रमला विद्युत्भार देतात. मूळ कागदाच्या पांढऱ्या भागावरून परतलेला प्रकाश तो भार घालवितो. काळ्या अक्षरांच्या जागी भार उरतो, त्याला टोनरची भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते. जाणता मेकॅनिक यंत्र उघडण्यापूर्वी प्रत पाहतो. डाग समान अंतराने पुन्हा पुन्हा आला तर दोष फिरत्या रुळाचा, आणि ते अंतर ड्रमच्या घेराएवढे भरले तर ओरखडा ड्रमवरच आहे. उभी काळी रेघ आली तर ड्रम पुसणारी ब्लेड झिजलेली असावी. अक्षर बोटाने पुसले जात असेल तर उष्णता पुरेशी नाही. पावसाळ्यात नक्कल फिकी आली तर आधी कागद पाहावा. दमट कागदावर टोनर नीट उतरत नाही. मे महिन्याची धूळ आणि विजेचा लहरी दाब यांना तोंड देत, मोठ्या शहरांनी वापरून टाकलेली यंत्रे या लोकांनी येथे वर्षानुवर्षे चालविली. वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकीच ही विद्या अनुभवाची आहे, आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

नकलेचे मोल किती, हे संकटात कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली आणि त्यांच्या पेट्यांतले कागदही गेले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. अशा वेळी मी अमक्याचा वारस, माझे घर येथे होते, हे सांगण्यास घराबाहेर कोठेतरी एक प्रत असणे म्हणजे केवढा आधार!

कायद्यानेही नकलेला मान दिला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने यांत्रिक रीतीने काढलेल्या अचूक प्रतीला दुय्यम पुरावा म्हणून स्थान दिले होते. म्हणजे कार्लसनचा जन्म होण्यापूर्वीच कायद्याने त्याच्या यंत्रासाठी जागा राखून ठेवली होती. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला आणि सरकारी कागदाच्या पानामागे दोन रुपये हा दर ठरला. नकलनवीसाच्या दारी तिष्ठणाऱ्या शेतकऱ्याच्या नातवाने आता दोन रुपयांत पान मागून घ्यावे, हे लहान परिवर्तन नव्हे. याच यंत्राने कॉपीसाठी बोटभर चिठ्ठ्याही छापल्या, आणि म्हणून परीक्षेच्या काळात केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवण्याचे हुकूम निघतात, हेही सांगितले पाहिजे. साधन शहाणे नसते. ते वापरणाऱ्याने शहाणे असावे लागते.

आता मात्र काळ बदलला आहे. सातबारा डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतो, कागदाचे छायाचित्र फोनवर निघते, आणि जुनी यंत्रे भंगारात जात आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या वेळी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची वाण सर्वांना जाणवली. कचेरीचे कुलूप यंत्राने उघडले. लिपीचे कुलूप यंत्राने उघडले नाही. न वाचता येणाऱ्या कागदाच्या शंभर प्रती काढल्या तरी तो शंभर वेळा मुकाच राहतो.

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींपुरते आहे. एक, नक्कल आहे म्हणून अस्सल कागद टाकू नका, आणि घरातल्या एका तरी मुलाला मोडी किंवा उर्दू वाचावयास शिकवा. दुसरे, आपल्या गावात जे जुने मेकॅनिक आहेत त्यांच्याकडे जा, त्यांचे अनुभव लिहून घ्या, आणि एखादे यंत्र भंगारात जाण्याआधी शाळेत किंवा ग्रंथालयात चालू स्थितीत ठेवा. ज्यांनी आपला कागद आपल्या हाती दिला, त्यांची नोंद आपल्या इतिहासात असावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.