मधले माणूस : परक्या घरातल्या एका वर्षाचा इतिहास

लग्न जमवून देणाऱ्या मध्यस्थाविषयी आपल्याकडे कृतज्ञतेपेक्षा तक्रारच अधिक ऐकू येते. सोयरीक निभावली तर ती दोन्ही घरांची पुण्याई ठरते. बिघडली तर ‘मधल्याने फसवले’ असे म्हणून दोन्ही घरे मोकळी होतात. इतिहासही या मधल्या माणसाची फारशी दखल घेत नाही. संस्था स्थापणाऱ्यांची चरित्रे लिहिली जातात, संस्थेत शिकून मोठे झालेल्यांच्या आठवणी छापल्या जातात. पण दोघांच्या मध्ये उभे राहून ज्याने दार ठोठावले, त्याचे नाव कुठेच उरत नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेत असेच एक मध्यस्थीचे काम उभे राहिले. परदेशातून वर्षभरासाठी येणाऱ्या शाळकरी मुलाला घर शोधून द्यायचे आणि ते वर्ष संपेपर्यंत मूल व घर यांच्यामध्ये उभे राहायचे, असे त्याचे स्वरूप. ‘लोकल कोऑर्डिनेटर’ हे त्याचे रूढ नाव. मराठीत ‘स्थानिक समन्वयक’ म्हणता येते. शब्द थोडा कचेरीतला वाटतो खरा, पण त्या कामात कचेरी शिरली कशी, हाच या लेखाचा विषय असल्याने तो आम्हांला इथे चालण्यासारखा वाटतो.

या कल्पनेचा एक उगम 1932 सालात आहे. सिरॅक्यूज विद्यापीठात काम करणाऱ्या डोनाल्ड वॉट यांनी त्या उन्हाळ्यात काही अमेरिकन मुलांना युरोपात नेले. निरनिराळ्या देशांची मुले एका छावणीत एकत्र ठेवली की मैत्री आपोआप होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुले आपापल्या भाषेच्या कोंडाळ्यात रमली. छावणीत कोणीच कोणाचा पाहुणा नव्हता आणि कोणीच यजमानही नव्हता. त्यामुळे दुसऱ्याची भाषा बोलण्याची निकड कोणालाच वाटली नाही. यातून वॉट यांनी जो धडा घेतला, त्याने पुढच्या साऱ्या चळवळीला वळण दिले. मुलाला एकट्याने एका कुटुंबात ठेवावे, त्या घराच्या जेवणाच्या टेबलाशी बसवावे, त्या घरची कामे त्याला करायला लावावीत. ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही त्यांची संस्था या एका विचारावर उभी राहिली. पुढे 1961 साली स्थापन झालेल्या ‘पीस कोअर’चे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हे तरुणपणी या संस्थेमार्फत युरोपात राहून आले होते.

दुसरा उगम रणांगणावरचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेण्यासाठी अमेरिकन स्वयंसेवकांची रुग्णवाहिका-सेवा निघाली. पिएट अँड्र्यू हे तिचे संघटक. ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’, म्हणजेच ‘एएफएस’, हे तिचे नाव. दुसऱ्या महायुद्धात ही सेवा पुन्हा उभी राहिली. उत्तर आफ्रिका आणि इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याबरोबर, तसेच भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही तिच्या गाड्या धावल्या. त्याच आठव्या सैन्यात, इटलीच्या डोंगरांत, मराठा पलटणीही लढत होत्या. युद्ध संपल्यावर स्टीफन गॅलाटी आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : आता या सेवेचे काय करायचे? जखमींना उचलण्यापेक्षा जखमा होऊच नयेत असे काही करावे, अशी दिशा त्यांनी धरली. 1947 साली 10 देशांतून 52 विद्यार्थी अमेरिकेत आले. शत्रूला नुसते नकाशावर पाहिलेल्या पिढीनंतरची पिढी शत्रूच्या घरी जेवलेली असावी, इतकी साधी ही आशा होती.

आशा साधी असली तरी तिची व्यवस्था साधी नव्हती. गॅलाटी न्यूयॉर्कमध्ये बसून ओहायोतल्या किंवा आयोवातल्या एखाद्या गावातले कोणते घर चांगले, हे ठरवू शकत नव्हते. ते गावातल्याच माणसाला ठाऊक. म्हणून गावोगावी स्वयंसेवकांच्या समित्या झाल्या. शाळेतली शिक्षिका, चर्चमधले कोणी, मुले मोठी झालेली एखादी गृहिणी अशी ही माणसे. घर निवडण्याचा त्यांचा निकष म्हणजे ओळख. ‘त्यांना मी वीस वर्षे ओळखते’ हे वाक्य प्रमाणपत्रासारखे चाले. 1960च्या दशकाच्या आरंभी अध्यक्ष केनेडी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर या मुलांचे स्वागत करत. त्या समारंभात दिसणारे प्रत्येक मूल कोणत्या ना कोणत्या स्वयंपाकघरात झालेल्या बोलण्यामुळे तिथवर पोहोचलेले होते.

1961 साली फुलब्राइट-हेज कायदा झाला आणि विद्यार्थी-विनिमयाला व्यापक कायदेशीर चौकट मिळाली. परराष्ट्र खात्याची मान्यता असलेल्या संस्थांनी मुले आणायची, मुलांना ‘जे’ वर्गाचा व्हिसा मिळायचा. या व्यवस्थेतली एक अट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते : या वर्गातल्या शाळकरी मुलाला घरी ठेवणाऱ्या कुटुंबाला मोबदला द्यायचा नाही. आयकराचा हिशेब करताना महिन्याला 50 डॉलरपर्यंतचा खर्च दानधर्मात धरता येतो, एवढीच सवलत. म्हणजे मुलाचे आईवडील संस्थेला मोठी रक्कम मोजतात, संस्था कर्मचाऱ्यांना पगार देते, समन्वयकाला बहुतेक संस्थांत दर मुलामागे थोडेबहुत मानधन मिळते. आणि ज्या घरात मूल प्रत्यक्ष जेवते-झोपते, त्या घराला काहीच मिळत नाही. या उलाढालीच्या मध्यभागी पैशाविना चालणारी एक जागा मुद्दाम राखली आहे. आतिथ्य विकत मिळाले की ते आतिथ्य राहत नाही, ही त्यामागची श्रद्धा. पण त्या जागेच्या उंबरठ्यावर जो उभा आहे, त्याला मात्र घर मिळवून दिल्याचे पैसे मिळतात. पुढच्या साऱ्या पेचाचे बीज इथे आहे.

हे काम चालते कसे, ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. मुलाचा अर्ज समन्वयकाकडे येतो. त्यात घरच्या मंडळींची छायाचित्रे, आवडीनिवडी, पथ्यपाणी, धर्माचरण, कुत्र्यामांजरांचे वावडे आणि अजून कोणीच नसलेल्या ‘यजमान कुटुंबा’स लिहिलेले एक पत्र असते. समन्वयक शाळेच्या मुख्याध्यापकाची लेखी संमती मिळवते, शेजारीपाजारी विचारते, चर्चच्या फलकावर चिठ्ठी लावते. (आम्ही स्त्रीलिंग वापरले, कारण या कामात बहुधा स्त्रियाच दिसतात.) उन्हाळा सरत जातो तशी घाई वाढते, कारण 31 ऑगस्टपर्यंत जागा निश्चित व्हावी लागते. जूनमध्ये समन्वयक घर पारखून पाहते; ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती घराची मनधरणी करत असते. पारख करणारी आणि मनधरणी करणारी व्यक्ती एकच असेल, तर दुसरी पहिलीवर मात करण्याचा धोका नेहमीच असतो.

तो धोका खरा ठरला. 1984 साली या क्षेत्रातल्या मंडळींनी स्वतःहून दर्जा ठरवणारी एक परिषद स्थापन केली होती, पण तिचे बंधन ऐच्छिक होते. 2009 साली पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरात काही परदेशी विद्यार्थी अर्धपोटी आणि घाणेरड्या घरांत राहत असल्याचे उघड झाले. ज्यांनी ती घरे तपासायची, त्यांनीच मुलांना तिथे ठेवले होते. परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली, खात्याची देखरेखही तोकडी पडल्याचे समोर आले आणि 2010 साली नियम कडक झाले.

ते नियम एखाद्या दस्तऐवजासारखे वाचावेत असे आहेत. घरातल्या 18 वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची. घराची आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यायची. नातेवाईक नसलेल्या दोघांकडून चारित्र्याविषयी विचारणा करायची. समन्वयकाने मुलापासून 120 मैलांच्या आत राहायचे आणि दर महिन्याला संपर्क ठेवायचा. घराची पहिली पाहणी एकाने केली असेल, तर नंतरची भेट दुसऱ्याने द्यायची. समन्वयकाने दरवर्षी प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यायची. आणि मुलाला स्वतंत्र पलंग हवा. तो घडीचा नको आणि हवा भरून फुगवायचाही नको. कायद्यात इतका बारीक तपशील उतरतो, तेव्हा त्यामागे कुठेतरी तशा बिछान्यावर झोपलेले मूल असणार, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

‘त्यांना मी वीस वर्षे ओळखते’ या वाक्याची जागा अशा रीतीने अर्जांनी घेतली. याचे दुःख करावे असे आम्हांला वाटत नाही. ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळखीच्यांनाच सांभाळून घेते. आणि परक्या देशातून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची तिथे कोणाशीच ओळख नसते. त्याच्या बाजूने बोलणारा कागद असणे ही त्याची गरज आहे. तरीही समन्वयकाच्या वाट्याला यातून एक अवघड दुहेरी भूमिका आली, हे मान्य करावे लागते. मुलाने रात्री फोन करून रडावे अशी मावशी तिने व्हायचे, आणि त्याच घराचा मासिक अहवाल लिहिणारी निरीक्षकही तिनेच व्हायचे. भांडणे क्षुल्लकच असतात : ताटात टाकलेले अन्न, रात्री उशिरापर्यंत चालणारा फोन, रविवारी चर्चला जाण्याचा आग्रह. पण मुलाने तक्रार केली तर घर बदलण्याची भीती, आणि केली नाही तर वर्ष कुढत काढण्याची. या दोन भीतींमधून खरे काय ते काढून घेणे कोणत्याही अर्जाने साधत नाही. त्यासाठी त्या मुलाजवळ बसावे लागते.

नियमांना आणखी एक मर्यादा आहे. घर निर्धोक करता येते, रस्ता करता येत नाही. 17 ऑक्टोबर 1992 रोजी लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात योशिहिरो हात्तोरी हा 16 वर्षांचा जपानी विद्यार्थी यजमान घरच्या मुलाबरोबर हॅलोविनच्या मेजवानीला निघाला. चुकून दुसऱ्याच घराची घंटा त्यांनी वाजवली. घरमालकाने बंदूक रोखून थांबण्याचा हुकूम दिला. मुलाला तो उमगला नाही, आणि गोळी सुटली. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. एएफएसने त्याला दिलेले घर उत्तम होते. यजमान आणि नागोयातले आईवडील या दुःखात एकमेकांपासून दुरावले नाहीत. दोघांनी मिळून बंदुकांवर नियंत्रण आणण्यासाठी सह्यांची मोठी मोहीम चालवली. पुढे दिवाणी दाव्यातून मिळालेल्या रकमेतून हात्तोरी दांपत्याने अमेरिकन मुलांना जपानमध्ये आणण्यासाठी निधी उभारला. ज्या देशाने मुलगा हिरावला, त्या देशाच्या मुलांसाठी त्यांनी आपल्या देशातली दारे उघडली. 18 मे 2018 रोजी टेक्सासमधल्या सांता फे येथील शाळेत झालेल्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत कराचीहून विनिमय योजनेत आलेली सबिका शेख ही 17 वर्षांची मुलगी होती. घर मिळवून देणाऱ्या मध्यस्थाची हमी उंबरठ्याशी संपते, हे या दोन मृत्यूंनी दाखवून दिले. मात्र उंबरठ्याच्या आत जुळलेले नाते त्यापलीकडेही टिकू शकते, हे हात्तोरी कुटुंबाने दाखवले.

शिकणाऱ्या परक्या मुलाला घराने सांभाळणे ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या आपल्या साहित्याने पाहिल्या आहेत : सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. तिथेही वार लावून देणारे कोणी असेच, आणि तेही ‘अमक्याचा मुलगा’ या ओळखीवरच. पण ती ओळख जातीची होती. ज्या मुलाची जात घराला चालत नसे, त्याला वार मिळत नसे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहे काढली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे छात्रालय सुरू केले, त्यामागे घरांच्या या निवडक आतिथ्याचा अनुभव होता. वॉट छावणीकडून घराकडे गेले. आपल्याकडच्या सुधारकांना घराकडून वसतिगृहाकडे जावे लागले. दोघांची कारणे आपापल्या जागी खरी होती. आज रोटरीच्या युवा विनिमय योजनेतून महाराष्ट्रातल्या शहरांतही परदेशी मुले येऊन राहतात, वर्षात आळीपाळीने दोन-तीन घरे पाहतात. त्या घरांच्या याद्या करताना मधल्या माणसाने वाराचा हा इतिहास लक्षात ठेवणे बरे. आपण कोणाची दारे ठोठावतो आणि कोणाच्या दारावरून नुसते पुढे जातो, याचा हिशेब कोणत्याही अर्जात मागितला जात नाही.

घराची छायाचित्रे, पलंगाची जात, मैलांचे अंतर यांची नोंद ठेवता येते. ज्या दारावर थाप पडलीच नाही त्याची नोंद होत नाही. अर्जांचे राज्य आले तरी या कामातला सर्वांत मोठा निर्णय अजून त्या एका माणसाच्या मनात, दार निवडताना होतो. म्हणून त्या माणसाकडे तक्रारीपुरते पाहणे पुरेसे नाही. त्याला नियमांनी बांधावेच, आणि त्याचे नावही कुठेतरी लिहून ठेवावे.