किनाल्डा
किनाल्डा : अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मुख्यतः ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत राहणाऱ्या नॅव्हाहो (स्वभाषेत दिने) लोकांचा, मुलीला पहिली पाळी आल्यावर करण्याचा विधी. विधीला आणि त्या मुलीलाही हेच नाव लावतात. पहिला किनाल्डा ‘बदलती स्त्री’ या देवतेचा झाला, अशी श्रद्धा आहे. शार्लट फ्रिस्बी यांच्या १९६७ च्या ग्रंथासह बहुतेक अभ्यासांत त्याची गणना यौवनारंभाच्या विधींत होते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. मुलगी जाणती झाली, याची खूण शरीराने दिली तरी समाज ती मान्य करतो अन्नावरून. चार दिवस ती पूर्वेकडे धावते, मीठ व गोड वर्ज्य करते आणि पाट्यावर मका वाटते. शेवटच्या रात्रीसाठी जमिनीत गोल खड्डा खणून त्यात विस्तव पेटवतात. खड्डा तापला की निखारे उपसून, कणसावरच्या सोललेल्या पानांचे अस्तर लावून त्यात मक्याचे सरबरीत पीठ ओततात. मुलगी त्यावर चिमटीने कोरडे पीठ भुरभुरते. मग वर पुन्हा पाने, माती आणि रात्रभर जागता ठेवलेला जाळ. तिकडे घरात मंगलगीते चालू असतात आणि मुलीला डोळा लावण्याची मुभा नसते. पहाटे ती शेवटचे धावून येते, मग ‘अल्कान’ नावाचा हा केक कापला जातो. गायकाला व जमलेल्यांना तो वाटायचा. तिने मात्र त्यातला घासही घ्यायचा नाही.

हा घास विटाळामुळे नाकारला जातो, असा आक्षेप कोणी घेईल. पण मग तिने दळलेले पीठ सर्वांनी कसे खाल्ले असते? उलट या दिवसांत तिचा स्पर्श शुभ मानतात. मुलांची वाढ व्हावी म्हणून ती त्यांना हाताने वर उचलते. महाराष्ट्रातील जुन्या न्हाणाच्या सोहळ्यात मुलीला मखरात बसवून गोडधोड खाऊ घालत. किनाल्डात खाऊ घालणारी तीच, आणि भेद नेमका इथे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आता पीठ यंत्रावर दळून आणतात, विधी शाळेच्या सुटीत उरकतात, तेव्हा अन्नाची कसोटी नावापुरतीच उरली नाही का? श्रम घटले हे खरे. तरी थोडे पीठ तिच्याच हातून दळून घेण्याचा आग्रह टिकून आहे, आणि केवळ शोभेचा भाग असता तर सोयीच्या नादात तो सर्वांत आधी गळाला असता. शिवाय ही कसोटी एकदाच घेऊन संपत नाही : परंपरेनुसार दुसऱ्या पाळीच्या वेळी किनाल्डा पुन्हा करतात.