स्थूलता (भारतातील)

आरोग्याला बाधा येईल इतकी चरबी शरीरात साठण्याची अवस्था. बोलीभाषेत ‘पोट सुटणे’ किंवा ‘अंगाने सुटणे’. मराठी घरांत ही अवस्था फार काळ आजारात मोडत नव्हती. बाळाने बाळसे धरावे आणि जावई खात्यापित्या घरचा दिसावा, यात समाधानच होते.

मोजण्याची रूढ रीत म्हणजे बीएमआय : किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे गणित १९व्या शतकातल्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २५पासून जादा वजन आणि ३०पासून स्थूलता. भारतीय डॉक्टर मात्र हेच आकडे २३ आणि २५ धरतात. त्यामुळे पाच फूट पाच इंच उंचीचा, ७० किलोचा माणूस संघटनेच्या हिशेबाने नुसता वजनदार, इथल्या हिशेबाने स्थूल.

हा फरक का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश मधुमेहतज्ज्ञ जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. गावातल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही भारतीय ठेवण पाळण्यापासूनच सुरू होते, ती अशी.

म्हणून इथे वजनकाट्याहून शिंप्याचा टेप खरे बोलतो. उभे राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध तो गुंडाळायचा. पोट आत ओढायचे नाही. पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत २८.६ टक्के प्रौढ बीएमआयनुसार स्थूल आढळले, पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या स्त्रिया २००५-०६मध्ये १२.६ टक्के होत्या, त्या २०१९-२१मध्ये २४ टक्के झाल्या. २०१९-२१च्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया हाडकुळ्याही निघाल्या. कारणे सगळ्यांच्या ओळखीची आहेत : स्वस्त तेल, पुडीतला खाऊ, गोड पेये, बैठे काम, दुचाकी.

सरकारी उपाय बरेच झाले, टिकले थोडे. केरळने २०१६मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतल्या पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर बसवला. तो वर्षभरात जीएसटीत विरघळला. अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयच्या २०२०च्या नियमाने शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी घातली. ५० मीटर म्हणजे मधल्या सुट्टीत धावत जाऊन वडापाव आणण्याइतके अंतर! २०२५मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून दहा टक्के तेल कमी वापरण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी सीबीएसईने शाळांना पदार्थांतली साखर दाखवणारे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले.

महाराष्ट्रात चळवळ झाली ती सरकारबाहेर. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगते : दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागल्यावर, ५५ मिनिटांच्या आत जेवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला याच्या उलट : थोड्या थोड्या वेळाने खा, तुपाला भिऊ नका. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सॲपपर्यंत रंगला. दीक्षितांनी सांगितलेले रोज ४५ मिनिटांचे चालणे मात्र या वादात कोणी फारसे काढले नाही.

२०२५च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आली. त्यांनी भूक मंदावते आणि वजन उतरते. सुरुवातीला महिन्याचा खर्च दहा हजार रुपयांच्या वर होता. इंजेक्शन बंद केल्यावर उतरलेले बरेचसे वजन पुन्हा चढते, असे चाचण्यांत दिसले आहे.